एमआय रूमच्या रजिस्टरमधली नोंद

फौजेत हाताखालच्या माणसाला मारणं हा गुन्हा आहे आणि तो कायद्यात स्वच्छ लिहिलेला आहे. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४७. अधिकारी असो, जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार) असो की एनसीओ (नायक, हवालदार), त्याने हाताखालच्या माणसावर हात टाकला किंवा त्याला छळलं आणि कोर्ट मार्शलमध्ये ते सिद्ध झालं, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रंगरूट असताना आमच्याकडून कलमं घोटून घेतली होती. वरिष्ठावर हात उगारला तर काय होतं, हुकूम मोडला तर काय होतं, न सांगता गैरहजर राहिलं तर काय होतं, सगळं पाठ होतं. कलम ४७ मात्र आम्हाला कुणी शिकवलं नाही. मी ते पुस्तक उघडून वाचलं, ते एका पोराच्या फाटलेल्या कानाच्या पडद्यामुळे. त्या प्रकरणात मी साक्षीदार होतो. आज अग्निवीर म्हणून गेलेल्या पोरांच्या घरून मला फोन येतात आणि दरवेळी फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट. लखनौच्या सेंटरला ट्रेनिंग झालं. पुढे मिलिटरी हॉस्पिटल, फील्ड ॲम्ब्युलन्स आणि वेगवेगळ्या युनिटांच्या एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोकरी केली आणि हवालदार म्हणून पेन्शन आलो. गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे फौज म्हणजे घरचीच गोष्ट. जवळचं अपशिंगे गाव नावापुढे 'मिलिटरी' लावतं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. माझे चुलते फौजेत, मामा फौजेत. फौजेवर माझा राग नाही. राग आहे तो बराकीत दिवे मालवल्यावर चालणाऱ्या एका प्रकारावर आणि तो प्रकार झाकायला 'शिस्त' हा शब्द वापरणाऱ्यांवर.

आधी रगड्याबद्दल बोलायला हवं, कारण बाहेरच्या माणसाची तिथेच गल्लत होते. ट्रेनिंगमध्ये रगडा लागतो. पाठीवर पिट्ठू लावून पळणं, क्रॉलिंग, फ्रंट रोल, कोपरं सोलवटून निघणं, हे सगळं मी केलं आहे आणि त्याबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही. ते मैदानात होतं, दिवसाढवळ्या होतं, सगळ्या प्लाटूनसमोर होतं आणि उस्ताद स्वतः शेजारून पळत असतो. ते सोसलेला माणूस बर्फात चौकीवर टिकतो. रात्री रोल कॉल झाल्यावर बराकीत नव्या पोरांना रांगेत उभं करायचं, कुणाकडून कपडे धुऊन घ्यायचे, कुणाकडून 'उधार' म्हणून पैसे काढायचे आणि नाही म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवायची, याचा लढाईशी काही संबंध नाही. ही निव्वळ गुंडगिरी आहे.

ही गोष्ट २०१८ च्या हिवाळ्यातली, पंजाबातल्या एका छावणीतली. युनिटचं नाव लिहीत नाही. युनिट मिक्स होतं, देशाच्या सगळ्या भागातली पोरं, त्यामुळे बोलणं हिंदीत. सकाळी सिक रिपोर्टला एक खानदेशातला शिपाई आला. युनिटमध्ये नवा होता. डाव्या कानात सारखा आवाज येतोय म्हणाला. कापसाचा बोळा घातलेला होता, तो काढला तर त्याला वाळलेलं रक्त. काय झालं विचारलं तर उत्तर तयार होतं, "बाथरूममध्ये घसरलो, भाऊ."

बाथरूममध्ये घसरलेली माणसं मी शेकड्याने पाहिली आहेत. त्यांना लागतं ते कोपराला, कंबरेला, डोक्याच्या मागच्या बाजूला. या पोराच्या डाव्या गालावर बोटांचे वळ होते, कानाच्या पाळीपर्यंत गेलेले. आरएमओ, म्हणजे युनिटचे डॉक्टर, साहेबांनी ऑटोस्कोप लावला, मग मला बघायला दिला. पडद्याच्या पुढच्या खालच्या भागात फाटलेलं, कडा वेड्यावाकड्या, ताजं रक्त. जोरात थप्पड बसली की कानाच्या नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटतो. मारणारा उजव्या हाताचा असेल तर समोरच्याचा डावा कान जातो. हे वैद्यकीय पुस्तकात आहे आणि बराकीतही सगळ्यांना ठाऊक असतं.

तो मराठी असल्यामुळे मी त्याच्याशी मराठीत बोललो. "इथे तू आणि आम्ही दोघंच. खरं सांग." तो भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "घसरलो असंच लिहा."

रजिस्टरमध्ये कसं लिहायचं याचे आमचे नियम असतात. रुग्ण काय सांगतो ते एका ठिकाणी लिहायचं, तपासणीत काय दिसतं ते दुसऱ्या ठिकाणी. मी पहिल्या ठिकाणी त्याच्या शब्दांत लिहिलं की बाथरूममध्ये घसरून पडल्याचं सांगतो. दुसऱ्या ठिकाणी गालावरचे वळ लिहिले, त्यांची जागा, दिशा, रंग आणि कानाच्या पडद्याची अवस्था. खाली तारीख आणि वेळ. साहेबांनी वाचलं, सही केली आणि त्याला मिलिटरी हॉस्पिटलला ईएनटी स्पेशालिस्टकडे पाठवायचा कागद केला. आम्ही कुणावर आरोप केला नव्हता. जे दिसलं ते लिहिलं होतं.

पुढे सगळं प्रकरण उभं राहिलं ते त्या नोंदीवर. वळ आठवड्यात जातात. पडदाही बहुतेक वेळा आपोआप भरून येतो, फक्त कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी तक्रार केली तर अंगावर दाखवायला काही राहत नाही. राहतं ते कागदावरचं.

त्याच संध्याकाळी कंपनीचा सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, एमआय रूमला आला. आधी चहा मागितला, मग रजिस्टर मागितलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "ये क्या लिखा है? काट दे. लड़का खुद बोल रहा है गिर गया." मी सांगितलं की साहेबांची सही झालेली आहे, आता खाडाखोड केली तर तो वेगळा गुन्हा होईल. त्याने बराच वेळ समजावलं. तू मेडिकलवाला आहेस, युनिटमध्ये पाहुणा आहेस, आज ना उद्या जाशील, घरातली गोष्ट घरात राहू दे. त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती, अजीजी होती. मारणारा हवालदार त्याच्यासोबत वर्षानुवर्षं राहिलेला, चांगला नेमबाज आणि पेन्शनला थोडीच वर्षं उरलेला. या प्रकारात दुष्ट माणसं कमी असतात. जास्त असतात ती 'जाऊ दे' म्हणणारी.

पोरगा खरं बोलला ते ईएनटी स्पेशालिस्ट मॅडमसमोर. मॅडमनी त्याला एकच विचारलं, "किसने मारा?" कसं लागलं हे विचारलंच नाही. तो तिथे रडला असं नंतर त्यानेच सांगितलं. हवालदाराने कपडे धुवायला सांगितले होते, याची रात्री दोन वाजताची संतरी ड्यूटी होती, म्हणून सकाळी धुतो म्हणाला. एवढंच कारण. त्याच्या आधी आणखी तिघांनी मार खाल्ला होता. त्यातला एक जण सुट्टीवर गेला तो वेळेत परतलाच नव्हता. कागदावर तो एडब्ल्यूएल, म्हणजे रजेशिवाय गैरहजर, बराकीच्या भाषेत भगोडा. का पळाला याचा रकाना त्या कागदावर नसतो.

एकदा ड्रेसिंगला आला असताना पोरगा म्हणाला, "रात्री संतरीला उभा राहतो तेव्हा डोक्यात काहीबाही येतं, भाऊ." संतरीच्या हातात रायफल असते. मी सगळं सोडून आरएमओ साहेबांकडे गेलो. त्यांनी जे केलं ते मला आजही फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कानाच्या कारणावरून त्याला हत्यारी ड्यूटीतून काढलं, रोज संध्याकाळी एमआय रूममध्ये बोलावून स्वतः त्याच्याशी बोलत राहिले आणि मानसोपचार तज्ज्ञांचाही सल्ला घेतला. आमच्याकडे मेडिकल कॅटेगरी 'शेप'मध्ये मोजतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान. एसमध्ये कॅटेगरी लागली की पोराच्या बोलण्याचं वजन लोकांच्या नजरेत कमी होतं, 'ह्याचं डोकंच ठिकाणावर नाही' म्हणायला सगळे मोकळे. ती गरज पडली असती तर साहेबांनी लावलीच असती. पडली नाही. एच टू, म्हणजे कानापुरती खालची कॅटेगरी, तीही तात्पुरती, एवढीच लागली.

मग अर्जी. जवानाला वर जायचं असेल तर कंपनी कमांडरकडे अर्जी लावायची आणि त्यांच्यामार्फत सीओ, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसर, साहेबांकडे. म्हणजे ज्या कंपनीत मार खाल्ला त्याच कंपनीच्या दारातून जायचं. कंपनी कमांडर तरुण मेजर होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि समझोता सुचवला. हवालदार माफी मागेल, पोराला लगेच सुट्टी मिळेल, कंपनी बदलून देऊ. पोराच्या घरी बहिणीचं लग्न ठरलेलं, सुट्टी हवीच होती. तो माझ्याकडे आला. मी काय करावं हे त्याला सांगितलं नाही, ते त्याचं त्यानेच ठरवायचं होतं. मी ऑफिसमधून आर्मी ॲक्टचं पुस्तक आणलं आणि आम्ही दोघांनी ते वाचलं.

कलम २६ मध्ये लिहिलं आहे की ज्याला वरिष्ठाकडून अन्याय झाला असं वाटतं, त्याने आपल्या कंपनीच्या कमांडरकडे तक्रार करावी. तक्रार त्या ऑफिसरविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे जाता येतं. आणि ज्याच्याकडे तक्रार येते त्याने तिची होईल तेवढी पूर्ण चौकशी केलीच पाहिजे. शेवटचं वाक्य पोराने दोनदा वाचून घेतलं. कलम ५६ ची भीती त्याला आधीच घालून झाली होती, खोटा आरोप केलास तर पाच वर्षं जाशील म्हणून. ते कलमही काढून दाखवलं. ते जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्यासाठी आहे. साक्षीदार मिळाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

दुसरी एक गोष्ट तिथे वेळेवर लक्षात आली. मार खाल्लेल्या बाकीच्या दोघांनी सोबत सही करायची तयारी दाखवली होती. फौजेत सामूहिक तक्रार चालत नाही. तिघांनी एका कागदावर सह्या केल्या असत्या तर हवालदार बाजूला राहिला असता आणि ही पोरंच कचाट्यात सापडली असती. म्हणून तिघांनी तीन अर्ज लिहिले, प्रत्येकाने स्वतःपुरते, आपल्यावर काय बेतलं तेवढेच. हिंदीत, साध्या भाषेत. तारीख, जागा, कोण हजर होतं, काय बोललं गेलं, कुठे लागलं. पोराने रागाने लिहिलेली पहिली चार वाक्यं मी काढायला सांगितली, कारण त्यात घटना एकही नव्हती.

मोबाइलवर व्हिडिओ करून टाकायचा विचारही त्यांच्यात झाला होता. २०१७ च्या जानेवारीत बीएसएफच्या तेज बहादुर यादव यांचा निकृष्ट जेवणाबद्दलचा व्हिडिओ देशभर फिरला आणि त्याच वर्षी त्यांना बडतर्फ केलं गेलं. बीएसएफ गृह मंत्रालयाखाली येते, आर्मीत नाही, पण बराकीत तो फरक कोण करतो. त्यानंतर सहायकांकडून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मदतीला दिलेल्या जवानांकडून, घरकाम करून घेण्यावर बोलणं सुरू झालं. त्याच मार्चमध्ये आपल्या देवळालीत, सहायकांवरच्या छुप्या कॅमेऱ्याच्या एका बातमीनंतर, एक जवान मेलेला सापडला. सहायकाची पद्धत बंद करा असं संसदेच्या संरक्षण समितीने २००८ मध्येच सुचवलं होतं. लष्करप्रमुखांनी २०१७ मध्ये तक्रारपेट्या ठेवल्या आणि थेट कळवायला व्हॉट्सॲप नंबरही दिला. पण परवानगीशिवाय माध्यमांशी बोलणं आर्मी रूल्समध्ये निषिद्ध आहे, तक्रार खरी असली तरी. व्हिडिओ टाकला असता तर तीन दिवस टीव्हीवर चालला असता आणि पुढे शिक्षा पोरालाच झाली असती. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. ते तसं आहे, एवढं माहीत असावं.

सीओ साहेबांनी अर्ज वाचले आणि प्रकरण ब्रिगेडला कळवलं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा अध्यक्ष बाहेरच्या युनिटचा लेफ्टनंट कर्नल नेमला गेला. त्या निर्णयाने अर्धी भीती गेली.

साक्षीच्या दिवशी मला शपथ दिली. रजिस्टर समोर ठेवलं होतं. काय पाहिलंत, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, नंतर काही बदललं का, असे प्रश्न. मग हवालदाराला विचारण्याची मुभा दिली. चौकशीत एखाद्याच्या चारित्र्याला किंवा फौजी प्रतिष्ठेला धक्का लागणार असेल, तर आर्मी रूल्सच्या रूल १८० प्रमाणे त्याला पूर्ण वेळ हजर राहता येतं आणि साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. तो उभा राहिला, नीट प्रेस केलेला युनिफॉर्म, आवाज शांत. "क्या आपने मुझे मारते हुए देखा?"

मी म्हणालो, "नहीं देखा."

"लड़के ने आपको मेरा नाम बताया था?"

"उस दिन नहीं बताया था."

तो बसला. बाहेर आल्यावर आमच्यातले काही जण म्हणाले की तू केस घालवलीस, थोडं वाढवून सांगायचं होतंस. मला ते पटलं नाही. मी मारताना पाहिलं नव्हतं आणि ते त्याला विचारता आलं हे चांगलंच झालं. वाढवून सांगितलं असतं तर माझी खरी नोंदही संशयात गेली असती. मी कानाचा साक्षीदार होतो, माराचे साक्षीदार बराकीत होते. आणि त्यातला एक बोलला. वरच्या खाटेवर झोपणारा बिहारचा लान्स नायक, ज्याला या सगळ्यातून काहीही मिळणार नव्हतं. सीएचएमने त्याला आदल्या रात्री समजावलं होतं म्हणतात. त्याने आत जाऊन सरळ सांगितलं की दिवे मालवलेले होते, पण आवाज ऐकला, उठून टॉर्च लावला आणि पोराला खाली बसलेला पाहिला, हवालदार समोर उभा होता. या माणसाला मी आजही दिवाळीला फोन करतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी शिक्षा देत नाही. ती फक्त काय घडलं ते शोधते आणि तिथलं बोलणं पुढे कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून समरी ऑफ एव्हिडन्समध्ये, म्हणजे खटल्याआधी पुरावा लेखी नोंदवतात तेव्हा, सगळ्यांना पुन्हा सगळं सांगावं लागलं. पोराला याचा फार त्रास झाला. प्रत्येक वेळी तीच थप्पड नव्याने सांगायची. या काळात हवालदाराला दुसऱ्या युनिटला अटॅच केलं होतं. शेवटी समरी कोर्ट मार्शल झालं आणि हवालदाराचा नायक झाला, म्हणजे एक हुद्दा खाली आला. कंपनी कमांडरांवर काही कारवाई झाली का, ते आमच्यापर्यंत आलं नाही. तक्रार करणाऱ्याला ते कळवायला हवं असं माझं ठाम मत आहे. आपल्या तक्रारीचं पुढे काय झालं हे ज्याला शेवटपर्यंत कळत नाही, तो पुन्हा तक्रार करायला कशाला येईल?

त्या महिन्यांत माझ्याशी काही जण बोलायचे थांबले. लंगरमध्ये मी बसलो की शेजारची जागा रिकामी राहायची. एकदा सुट्टीचा अर्ज बराच रेंगाळला. पोराला तर दुसऱ्या कंपनीत गेल्यावरही 'केसवाला' म्हणायचे. ते थांबलं युनिटमधले सगळ्यात वरिष्ठ जेसीओ, सुभेदार मेजर साहेबांमुळे. दरबारात, म्हणजे सगळ्या युनिटच्या बैठकीत, सीओ साहेबांचं बोलणं झाल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले की या युनिटमध्ये माझ्या कुठल्याही पोराला कुणी हात लावला तर आधी माझ्याकडे या. दोनच वाक्यं बोलले. कलम ४७ छापून नोटीस बोर्डवर लावण्यापेक्षा त्या दोन वाक्यांनी जास्त काम केलं, कारण ते स्वतः शिपायापासून वर आलेले होते.

पुढच्या मेडिकल बोर्डात पोराची कॅटेगरी पुन्हा शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, झाली. पडदा भरला होता. कोर्सला गेला, आता त्याच्या दंडावर फीत आहे.

आता फोन येतात ते अग्निवीरांच्या घरून. २०२२ पासून भरती झालेल्या या पोरांची अडचण आमच्यापेक्षा मोठी आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होणार आणि त्यासाठीचे शेरे ज्यांनी लिहायचे त्यांच्याच माणसाविरुद्ध तक्रार करायची. आर्मी ॲक्ट त्यांनाही लागू आहे, कलम २६ त्यांचंही आहे. अर्ज केला आणि सहा महिन्यांत निकाल मिळाला नाही, तर नोकरीसंबंधीच्या प्रश्नावर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये जाता येतं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. हे मी सगळ्यांना सांगतो. पण वीस वर्षांच्या पोराने चार वर्षांच्या नोकरीत सहा महिने वाट बघायची म्हणजे काय, हे ज्यांनी योजना आखली त्यांनी जरूर मनावर घ्यावं. तक्रार केलेल्या अग्निवीराचं मूल्यमापन त्या युनिटच्या बाहेरच्या अधिकाऱ्याकडून व्हावं, एवढी साधी तरतूद तरी व्हायला हवी.

परवा कोरेगाव तालुक्यातल्या एका माउलीचा फोन आला. पोराचं मनगट सुजलंय, फोनवर नीट बोलत नाही, आणि "भाऊ, तक्रार केली तर ठेवतील का हो त्याला?" मी त्यांना खोटा धीर दिला नाही. ठेवतील की नाही ते मला सांगता येत नाही म्हणालो. आधी त्याला सिक रिपोर्टला जायला सांगा, डॉक्टरांना मनगट दाखवू दे, कुणी काय केलं ते तिथे खरं सांगू दे आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नको म्हणावं. दुसऱ्या दिवशी तो गेला. एक्स-रे काढायला पाठवलंय. अर्ज लिहून मला वाचून दाखवला, त्यातून मी दोन वाक्यं काढायला लावली. सोमवारी त्याची अर्जी आहे.